कुसळीचं जुनं बी

ऑक्टोबरात माळावरून चालून आलं की संध्याकाळ पायमोज्यांतली कुसळी गवताची कुसळं उपटण्यात जाते. त्यातलं एक तळहातावर घ्या आणि त्याच्या पिळदार शेपटीवर पाण्याचा थेंब सोडा. थोड्याच वेळात शेपटी पीळ सोडत गोल फिरायला लागते. वाळली की उलटी फिरून पुन्हा पीळ घेते. ओल आणि ऊन आलटूनपालटून मिळालं की टोकदार बी असं फिरत फिरत भेगेत शिरतं. अशीच शेपटी असलेल्या एका युरोपीय गवतावर चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस यानं 1876 मध्ये निबंध लिहिला होता. बी स्वतःला पेरून घेतं कसं, हे तेव्हाच उमगलं होतं. पेरून घेतलेलं बी परतीच्या पावसात, जमीन ऊबदार आणि ओली असतानाही, उगवत का नाही हे कोडं वेगळं.

उगवणीला लागणाऱ्या उष्णतेचा हिशेब पिकांवर मांडला गेला. जर्मन शास्त्रज्ञ युलियस झाक्स यांनी 1860 मध्ये उगवणीला किमान, सर्वांत अनुकूल आणि कमाल अशी तीन तापमानं असतात हे दाखवलं. पुढे 1982 मध्ये इंग्लंडमध्ये जॉन माँटीथ आणि सहकाऱ्यांनी चक्क आपल्या बाजरीवर हाच हिशेब पक्का केला: साधारण 12 अंशांखाली उगवण नाही, 33-34 अंशांला सर्वांत वेगानं, 45च्या पुढे पुन्हा उगवण बंद. 1986 मध्ये गमरसन यांनी शुगरबीटवर काम करून या गणितात बियाला ओल किती सहज मिळते हेही बसवलं.

पण बाजरी हजारो वर्षं माणसाच्या हातातून गेलेली. जे दाणे एकदम उगवले तेच कापणीला आले, आणि पुढच्या पेरणीलाही तेच गेले. रानगवताला अशी शिस्त कोणी लावलेली नाही. कुसळीचं बी परतीच्या पावसाला भुललं, तर पुढच्या सात-आठ कोरड्या महिन्यांत कोवळं रोप कुठे टिकणार? म्हणून ताजं बी निजलेलं असतं. उत्तर ऑस्ट्रेलियातही कुसळी आहे आणि तिथेही लांबलचक कोरडा मोसम आहे. 1977 मध्ये टोटहिल यांनी खुद्द कुसळीच्या उगवणीचा, तर 1978 मध्ये मॉट यांनी तिथल्या पाच देशी गवतांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोरड्या मोसमात तापलेल्या जमिनीवर पडून राहिल्यानं बियाण्याची सुप्तावस्था सरते, असं चित्र त्यातून दिसलं. आपल्या भाषेत, वैशाखवणवा बी पिकवतो आणि मग मृगाचा पाऊस त्याला उठवतो.

भारतातही गवताचा अभ्यास होत गेला. 1962 मध्ये झाशीला चारा संशोधन संस्था उभी राहिली. 1973 मध्ये दबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशातली कुरणं पाच प्रकारांत मांडली. दख्खनचा माळ त्यातल्या शेडा आणि मारवेल या गवतांच्या गटात येतो.

‘ताजं तेच चांगलं’ हा पिकांवरून आलेला समज मात्र अजून हटत नाही. नुकतंच झाडलेलं गवताचं बी माळावर फेकायचं, उगवलं नाही की बियाणं बोगस म्हणायचं. अंजन गवताचं बीसुद्धा झाडल्यावर काही महिने ठेवलं की जास्त उगवतं. त्यातही ओलीची अडचण वेगळी: बारीक बी खोल गेलं तर वर येत नाही, आणि वरची बोटभर माती वळवाच्या सरीनंतर दोन दिवसांत कोरडी पडते. केसाळ बी वाऱ्यानं उडू नये म्हणून माती-शेणात घोळून गोळ्या करतात, त्यानं निदान ते जागेवर राहतं.

मुळात बी मिळणंही अवघड. कुसळ जनावराच्या तोंडात रुतते, म्हणून कुसळी फुलोऱ्याआधीच कापली जाते. मारवेलच्या बाबतीत तर बहुतेकांनी बियाण्याचा नादच सोडलाय. पावसाळा लागला की जुन्या गड्ड्याची मुळांसकट ठोंबं काढायची, पाती छाटायची आणि भिजल्या बांधावर लावत जायचं.