टिळकांचा दरबार आणि बाप्तिस्म्याचं न सुटलेलं कोडं

मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी उपासनेला गेलात, तर गायनांचे क्रमांक लावलेली फळी दिसते. पाळक क्रमांक सांगतात, 'उपासना संगीत' या गायनसंग्रहाची पानं उलटतात, पेटी सूर धरते. शेवटच्या कडव्यात 'दास' ही नाममुद्रा आली की गायन कुणाचं हे वेगळं सांगावं लागत नाही. कवी नारायण वामन टिळकांना जाऊन शंभरावर वर्षं झाली, तरी बऱ्याच मंडळ्यांतला रविवार अजून त्यांच्याच शब्दांवर चालतो. शाळेत शिकलेल्यांना हेच टिळक जखमी पक्षिणीच्या कवितेमुळे आठवतात. तिथे नावामागे 'रेव्हरंड' छापलेलं असे, आणि पुष्कळांना ती केवळ लोकमान्यांपासून वेगळं ओळखण्याची सोय वाटे.

रेल्वेच्या डब्यातली भेट, हाती आलेला नवा करार, १० फेब्रुवारी १८९५ चा बाप्तिस्मा, घरात उडालेला हाहाकार, हे सगळं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचलेल्यांना पाठ आहे. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते ज्या हातोटीने लिहिलं त्यापुढे दुसऱ्या कुणी लिहायला जाऊ नये. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. त्या एका विधीमुळे नवरा-बायको चार-पाच वर्षं दुरावली. बाप्तिस्म्याला काय मोल पडतं ते टिळकांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, टिळकांना पाळकपदाची दीक्षा १९०४ साली मिळाली. त्यानंतरची बरीच वर्षं नगरची (आता कागदोपत्री अहिल्यानगर): कीर्तनं, गायनं, शिकवणं, १९१२ पासून मिशनच्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचं संपादन. बालकवीही याच घरात राहून गेले.

खरी गाठ आहे ती १९१७ सालात.

त्या वर्षी टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. संन्यास म्हणजे घर सोडून जाणं नव्हे, बायकामुलं होतीच. ज्या मिशनचा पगार घेत होते त्याच्याशी नातं तोडताना त्यांनी वैर धरलं नाही, पण परक्या पैशावर उभी असलेली मंडळी या मातीत रुजणार नाही हे त्यांना पटलं होतं. एवढ्यावर कुणी फार बिचकलं नसतं. ख्रिस्ती कीर्तन रूढ होतंच. ख्रिस्ती संन्यासी थोडा विचित्र वाटला असता, इतकंच. खटका उडाला तो 'शिष्य' या शब्दावर. दरबारात ख्रिस्ताच्या शिष्यांना जागा होती, बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही.

हे एवढंसं वाक्य मंडळीच्या मुळाशी जाणारं होतं. बाप्तिस्मा घेतलेल्याचं नाव नोंदवहीत चढतं, तो प्रभुभोजनाला (ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला) बसतो, त्याचं लग्न मंडळीत लागतं, माती मंडळीच्या कबरस्थानात होते. बाप्तिस्मा हे दार. बाहेर उभ्या असलेल्यालाही घरचा माणूस म्हणायचं, तर दाराचा उपयोग काय, असा विरोधकांचा प्रश्न. तो खोटा नव्हता. नगर जिल्ह्यातल्या गावोगावच्या महार-मांग कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना गावकीचा रोष सोसावा लागला होता. त्यांना असं वाटू शकत होतं, की आम्ही उघड्यावर आलो आणि हे वरच्या जातीचे लोक वाड्यात बसून, जानवं सांभाळून ख्रिस्ताला मानणार! या आक्षेपाकडे टिळकांचे चाहते सहसा कानाडोळा करतात.

तरीही टिळकांचं म्हणणं समजून घ्यायला हवं, आणि माझ्या मते ते मिशनपेक्षा पुढचं होतं. त्या काळी बाप्तिस्मा घ्यायचा म्हणजे व्यवहारात जातीतून उठायचं, नाव-पेहराव बदलायचा, मिशनच्या आवारात राहायला जायचं आणि बहुतेकदा मिशनच्याच भाकरीवर जगायचं. विधी पाण्याचा, पण माणूस एका समाजातून उचलून दुसऱ्यात ठेवला जायचा. टिळकांना ही उचलबांगडी नको होती. तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो असं सांगणाऱ्याला तो पूल मागे जाळून टाकणं परवडणारं नव्हतं. शिष्यत्व भक्तीवरून ठरावं की नोंदवहीवरून, असा हा पेच होता. वारीत चालणाऱ्याला कोण विचारतो, तुझं नाव कुठल्या वहीत आहे म्हणून?

दरबाराला दोन वर्षंही मिळाली नाहीत. ९ मे १९१९ ला मुंबईत टिळक गेले. त्यांच्याच इच्छेप्रमाणे दफनाऐवजी दहन झालं. नेता गेल्यावर दरबार विरला. हाती घेतलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं काव्य सुरुवातीच्या काही अध्यायांवर थांबलं होतं. ते पुढे बहुतांशी लक्ष्मीबाईंनी लिहून काढलं आणि त्याही गेल्यानंतर प्रसिद्ध झालं. टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिणाऱ्या एका मिशनऱ्याने १९२२ साली भारतीय वळणाचा ख्रिस्ती आश्रमसंघ काढला, तो पुढे पुण्यात स्थिरावला. खादी, मांडी घालून जेवण, भजन, हे त्यात आलं. न झालेल्या बाप्तिस्म्याचा प्रश्न मात्र टिळकांनी मांडला तसा कुणी उचलला नाही.

१९७० साली नागपुरात उत्तर भारतातल्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एक झाल्या, तेव्हा बाप्तिस्म्यावरच वर्षानुवर्षं खल झाला होता. पण तो वाद तान्ह्या बाळाचा की जाणत्या माणसाचा, एवढाच. दोन्ही चालतील असं ठरलं. दाराबाहेरचे बाहेरच राहिले.

पण दाराबाहेरच्यांची गोष्ट तिथे संपली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. त्यात १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणजे बाप्तिस्म्याचा दाखला हाती आला की जातीच्या दाखल्यावर पाणी. त्यामुळे रविवारी उपासनेला येणारे, गायनं पाठ असलेले, घरी प्रार्थना करणारे आणि कागदावर ख्रिस्ती नसलेले लोक आज दिसतात. टिळकांपुढे वाडा न सोडणारे होते, इथे सवलत गेली तर पोरांचं शिक्षण अडेल या भीतीने थांबलेले आहेत. कारणं अगदी उलटी, पण पाळकापुढचा पेच तोच: यांना प्रभुभोजनाला बसवायचं का?

टिळकांची पुण्यतिथी, जिथे होते तिथे, बहुधा गायनांच्या कार्यक्रमाने साजरी होते. नवी पोरं गिटार आणि कीबोर्ड घेऊन कोरस म्हणतात, जुनी माणसं कुरकुरतात, मग तडजोड म्हणून टिळकांचं एखादं गायन नव्या चालीत बसवलं जातं. साहित्याच्या व्यासपीठावर फुलामुलांचे कवी म्हणून हार घातला जातो. साताऱ्याच्या त्या वीस महिन्यांवर दोन्हीकडे एखादं वाक्य येतं, पुढे वेळ नसतो. गायनाच्या वेळी मागच्या बाकावर बसून सगळ्यात मोठ्याने गाणारा माणूस प्रभुभोजनाची थाळी आली की नजर खाली घालतो आणि ती शेजारच्याकडे सरकवतो.