गूळ नैसर्गिक असला, तरी मधुमेहात तो साखरच
"मधुमेहींनी साखर सोडून गूळ खावा; तो नैसर्गिक असल्याने रक्तातील साखर वाढत नाही," असा संदेश सांगली-कराड भागात वर्षानुवर्षे फिरतो. गुऱ्हाळाच्या काहिलीभोवती (उसाचा रस उकळण्याच्या मोठ्या कढईभोवती) लहानाची मोठी झालेल्या माणसांना तो पटावा, हे स्वाभाविक आहे.

गूळ आणि साखर दोन्ही उसाच्या रसापासूनच होतात. साखर करताना मळी वेगळी काढली जाते, गुळात ती राहते, आणि तिच्यामुळेच त्याला रंग, खमंग चव व थोडी खनिजे मिळतात. परंतु गुळाचा बहुतांश भाग सुक्रोजच, म्हणजे साखरेत असते तीच साखर, असतो, आणि त्याचे पचनात ग्लुकोज व फ्रुक्टोज या रक्तात उतरणाऱ्या साध्या साखरांत रूपांतर होताना तो काहिलीतून आला की कारखान्यातून, याने काहीही फरक पडत नाही. १०० ग्रॅम साखरेतून सुमारे ४०० किलोकॅलरी मिळतात, गुळातून सुमारे ३८०.

पडताळा अवघड नाही. पाकीटबंद गुळावरील पोषणतक्त्यात 'एकूण साखर' किती आहे ते वाचावे. घरी ग्लुकोमीटर (रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र) असल्यास, मुद्दाम जास्त गूळ न खाता, नेहमीचा गुळाचा चहा घेतल्यानंतरची आणि बिनगोड चहानंतरची नोंद ताडून डॉक्टरांना दाखवावी.