मडक्यातला नाग आणि हॉलमधला इग्वाना

सांगलीत माझ्या मावसभावाने तीन वर्षांपूर्वी इग्वाना, म्हणजे एक मोठा परदेशी सरडा, आणला, तेव्हा वीतभर होता, आता शेपटीसकट चार फूट झालाय आणि त्याच शेपटीचा फटका वहिनीच्या पोटरीवर असा बसला की वळ चार दिवस दिसत होता. नातेवाईक म्हणतात, कसली ही नवीन फॅडं!

नवीन कुठलं? आपल्याच जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा बघा. नागपंचमीच्या आधी पोरं बांधाबांधाने नाग शोधायची, धरलेला नाग मडक्यात, वर फडकं करकचून बांधलेलं, आणि पंचमीपर्यंत मुक्काम घरातच. श्रद्धा होती, मान्य, पण मडक्यातल्या नागाला ती काय कळणार. शेवटी हायकोर्टाने जिवंत नागांचे खेळ आणि मिरवणूक बंद केली, २०२५ ला केंद्राने नाग पकडायला परवानगी दिली तीपण फक्त शैक्षणिक कारणासाठी. आणि शेजारच्या कोल्हापूर संस्थानात तर शिकारीसाठी चित्ते पाळलेले, इथले संपत आले तसे आफ्रिकेतनं मागवलेले.

खरी गोची कायद्यात होती. १९७२ चा वन्यजीव कायदा मुख्यतः आपल्या देशातल्या जनावरांसाठी, त्यामुळे पिंजऱ्यात साधा पोपट ठेवला तर गुन्हा आणि शेजारी आफ्रिकेतला अजगर पाळला तर विचारणारं कोण नव्हतं. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर लगाम घालणारा साइट्स नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारत त्यात १९७६ पासून आहे, पण ते मुख्यतः आयात-निर्यातीपुरतं, एकदा प्राणी घरात आला की विषय संपायचा. जून २०२० मध्ये केंद्राने सांगितलं की घरात असे परदेशी प्राणी असतील तर सहा महिन्यांत स्वतःहून जाहीर करा, कागदपत्रं मागणार नाही. मग वन्यजीव कायद्यात २०२२ ची दुरुस्ती, आणि २०२४ च्या नियमांनी साइट्सच्या यादीतल्या प्राण्यांची नोंदणी सक्तीची झाली. म्हणजे जवळपास पन्नास वर्षं फट तशीच!

विषारी परदेशी साप पाळणाऱ्यांचं तर मला कळतच नाही. आपल्याकडचं सर्पदंशावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर चालतं, बाहेरचा साप चावला तर सिव्हिलमधले डॉक्टर तरी काय टोचणार?

मावसभाऊ आता म्हणतोय, कृष्णाकाठी सोडून देऊ का. अरे बाबा, अमेरिकेत फ्लोरिडात लोकांनी असेच नकोसे झालेले बर्मी अजगर सोडले, तिथल्या एव्हरग्लेड्स नावाच्या दलदलीतले ससे, रॅकून त्यांनी पार फस्त केले, अजून सरकार शिकारी लावून ते अजगर मारतंय. सध्या इग्वाना बाथरूममध्ये आहे आणि घरातले सगळे आंघोळीला वरच्या मजल्यावर जातात.