सीडी३४, सी-किट आणि इतर : मूलपेशींवरच्या रिसेप्टरांची पार्श्वभूमी

पुण्यात एखाद्या मोठ्या रुग्णालयात रक्तमूलपेशींच्या (ज्यांच्यापासून सर्व रक्तपेशी घडतात त्या पेशींच्या) प्रत्यारोपणाची तयारी सुरू झाली, की पेशी गोळा करणाऱ्या कक्षाकडे पहिली विचारणा होते ती सीडी३४च्या आकड्याची. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे निदान २० लाख सीडी३४ पेशी हव्यात. ५० लाख मिळाल्या तर डॉक्टर निर्धास्त होतात. गंमत अशी, की ज्या प्रथिनावर हा हिशेब चालतो ते काटेकोर अर्थाने रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा संदेश पकडणारे प्रथिन, म्हणून ओळखलेच जात नाही. ते पेशीपटलावरचे, शर्करेच्या साखळ्यांनी मढलेले एक प्रथिन आहे आणि मूलपेशीत त्याचे नेमके काम काय, यावर अजून एकमत नाही. ज्या रिसेप्टरांवाचून मूलपेशीचे खरोखर अडते, त्या सी-किट, एमपीएल (थ्रोम्बोपोएटिन या संप्रेरकाचा रिसेप्टर), सीएक्ससीआर४ यांची नावे सीडी३४च्या अहवालात सहसा नसतात. असे झाले, कारण या विषयात पेशी ओळखायच्या खुणा शोधणारे आणि रेणूंची कामे शोधणारे बराच काळ वेगवेगळ्या वाटांनी चालत होते.

सुरुवात १९६१ची. टोरांटोत टिल आणि मॅकलक यांनी किरणोत्सर्गाने मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदराची अस्थिमज्जा टोचली. दहा-बारा दिवसांत प्लीहेवर गाठी दिसू लागल्या, टोचलेल्या साधारण दहा हजार पेशींमागे एक. गुणसूत्रांवरच्या खुणा वापरून १९६३ मध्ये दाखवले गेले, की एक गाठ एकाच पेशीपासून वाढते. पेशी सापडली, पण कर्तृत्वावरून. डोळ्यांना ती दिसत नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तमूलपेशी लिम्फोसाइटसारखीच दिसते. पुढे असेही कळले, की लवकर उगवणाऱ्या गाठी बहुतेक मूलपेशींच्या नसून त्यांच्या वंशजांच्या असतात.

पेशी वेचायला साधने मिळाली १९७०च्या दशकात. स्टॅनफर्डमध्ये हर्झनबर्ग यांच्या गटाचा, खुणेवरून एकेक पेशी वेचणारा पेशी-सॉर्टर आणि एकाच प्रकारची अँटिबॉडी हवी तेवढी बनवणारे १९७५चे कोलर-मिलस्टाइन यांचे हायब्रिडोमा तंत्र, ही ती दोन साधने. १९८४ मध्ये सिव्हिन यांच्या गटाने केजी-१ए या रक्तकर्करोगाच्या पेशी उंदराला टोचून माय-१० ही अँटिबॉडी मिळवली. मानवी मज्जेतल्या काही टक्केच पेशींना ती चिकटे. तिच्या लक्ष्याला पुढे सीडी३४ हे नाव पडले. १९८८ मध्ये स्पँग्रूड, हाइमफेल्ड आणि वाइसमन यांनी उंदराच्या मज्जेतून थाय-१ ही पटलावरची खूण कमी, वंशखुणा (परिपक्व रक्तपेशींच्या खुणा) नाहीत आणि स्का-१ ही दुसरी खूण आहे, अशा पेशी वेगळ्या काढल्या. त्यांचे प्रमाण मज्जेच्या सुमारे ०.०५ टक्के. अशा साधारण ३० पेशींवर किरणोत्सर्ग दिलेले निम्मे उंदीर जगले.

ही कृती जशीच्या तशी उचलणारे अजून फसतात. तो उंदीर थाय-१.१ जातीचा होता. प्रयोगशाळांतले नेहमीचे सी५७ब्लॅक/६ आणि बॅल्ब/सी उंदीर थाय-१.२चे, त्यामुळे थाय-१ची खूण तिथे चालत नाही. बॅल्ब/सीमध्ये तर बऱ्याच रक्तमूलपेशींवर स्का-१ सुद्धा दिसत नाही. आणि उंदराला संसर्ग झालेला असेल तर इंटरफेरॉन या संसर्गविरोधी प्रथिनामुळे इतर पूर्वज पेशींवरही स्का-१ चढते. 'मूलपेशी वाढल्या' असा आलेख मिळतो आणि वाढलेले असते फक्त स्का-१. म्हणूनच २००५ मध्ये मॉरिसन यांच्या गटाने सुचवलेली 'सीडी१५० आहे, सीडी४८ नाही' ही पटल-खुणांची जोडी पुष्कळांना जास्त भरवशाची वाटते.

दुसरी वाट आजारी उंदरांची. 'डब्ल्यू' नावाचा दोष असलेल्या उंदरांच्या अंगावर पांढरे ठिपके, रक्त कमी आणि प्रजननक्षमता जवळपास नाही. 'स्टील' दोषाचे उंदीर हुबेहूब तसेच, पण जनुक वेगळे. जॅक्सन प्रयोगशाळेत एलिझाबेथ रसेल यांनी या जातींवर वर्षानुवर्षे काम केले. डब्ल्यू उंदराला निरोगी मज्जा दिली की रक्त सुधारते, तेही किरणोत्सर्गाची गरज न पडता. स्टील उंदराला कितीही निरोगी मज्जा द्या, सुधारणा नाही. उलट त्याची मज्जा डब्ल्यू उंदराला बरे करते. म्हणजे डब्ल्यूमध्ये बिघाड पेशीत, स्टीलमध्ये पेशी जिथे राहते त्या जागेत. रिसेप्टर आणि त्याचा जोडीदार रेणू यांचे नाते याहून स्वच्छ क्वचितच सापडेल. रेणू माहीत होण्याआधीच ते मांडून झाले होते. शोफिल्ड यांनी मूलपेशीच्या 'निश'ची, म्हणजे तिला सांभाळणाऱ्या जागेची, कल्पना १९७८ मध्ये मांडली, तिलाही या उंदरांचा आधार होता.

रेणू मिळाले ते मांजराच्या विषाणूमार्गे. १९८६ मध्ये मांजरांत सार्कोमा घडवणाऱ्या विषाणूत 'किट' जनुक सापडले. १९८८ मध्ये डब्ल्यू म्हणजेच सी-किट हे सिद्ध झाले. १९९० मध्ये स्टीलचा रेणू, स्टेम सेल फॅक्टर, हाती आला. हा फॅक्टर जोडीने येतो आणि दोन किट रेणूंना एकत्र ओढतो, मग ते एकमेकांच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट लावतात. त्याची दोन रूपे असतात, एक विरघळणारे आणि एक शेजारच्या पेशीच्या पटलाला अडकलेले. 'स्टील-डिकी' जातीत फक्त विरघळणारे रूप तयार होते, तरीही उंदीर रक्तक्षयीच राहतो. अडकलेला रेणू रिसेप्टरला लांबवर चालू ठेवतो. विरघळलेल्या रेणूबरोबर किट लवकरच पेशीच्या आत ओढला जातो.

याच कारणाने स्टेम सेल फॅक्टर घालून वाढवलेल्या पेशींवर किटचे स्टेनिंग (चमकत्या अँटिबॉडीने रंगवणे) फिके येते. नवशिक्यांना वाटते मूलपेशी गेल्या. रिसेप्टर फक्त आत गेलेला असतो. ५-फ्लोरोयुरॅसिल हे कर्करोगाचे औषध दिलेल्या उंदरातही किट खाली जाते. ऊतींतून पेशी सुट्या करताना ट्रिप्सिन हे विकर बरेच पटल-प्रथिन कापून टाकते, म्हणून सौम्य विकर अ‍ॅक्युटेझ किंवा नुसते ईडीटीए हे कॅल्शियम पकडणारे रसायन बरे. स्टेनिंग ४ अंशांवर, २ टक्के सीरम आणि २ मिलिमोलर ईडीटीए घातलेल्या बफरमध्ये, अँटिबॉडींची शेपटी पकडणारे एफसी रिसेप्टर आधी अडवून. बहुतेक अँटिबॉडींना २०-३० मिनिटे पुरतात. उंदराच्या सीडी३४साठीची रॅम३४ मात्र तासभर किंवा जास्त ठेवावी लागते, नाहीतर 'सीडी३४ नाही' अशा पेशींत भलत्याच पेशी मिसळतात. उंदरात हा घोळ महाग पडतो, कारण १९९६ पासून माहीत आहे, की प्रौढ उंदराच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या मूलपेशी सीडी३४ नसलेल्या किंवा अगदी कमी असलेल्या गटातच असतात. माणसात मात्र नेहमी वेचला जातो तो सीडी३४ असलेला गट.

सीएक्ससीआर४ची कथा एचआयव्हीकडून आली. १९९६ मध्ये हा विषाणूचा सहायक रिसेप्टर ठरला. तो अडवणारे प्लेरिक्साफॉर एचआयव्हीसाठी तपासताना माणसांच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या. सीएक्ससीआर४ हा मज्जेतल्या पेशी सोडतात त्या सीएक्ससीएल१२ रेणूच्या ओढीने मूलपेशीला मज्जेत धरून ठेवतो. पकड सुटली की पेशी रक्तात उतरतात. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेत या कामासाठी औषधाला मान्यता मिळाली. चार दिवस जी-सीएसएफ (पांढऱ्या पेशी वाढवणारे औषध), मग दर किलोला ०.२४ मिलिग्रॅम प्लेरिक्साफॉर त्वचेखाली, पेशी गोळा करण्याच्या सुमारे ११ तास आधी. वेळ चुकली तर रक्तातली सीडी३४ची उसळी निसटते आणि यंत्राला मिळायचे ते मिळत नाही.

रक्ताबाहेरचे थोडक्यात. उंदराच्या भ्रूणमूलपेशी एलआयएफ या संदेशवाहक प्रथिनाच्या रिसेप्टरवर टिकतात हे १९८८ मध्ये कळले. १९९८ मध्ये मानवी भ्रूणमूलपेशी आल्या तेव्हा तीच युक्ती चालली नाही, त्यांना एफजीएफ२ आणि अ‍ॅक्टिव्हिन लागते. आतड्यातला एलजीआर५ जास्त बोलका. २००७ मध्ये तो निव्वळ खूण म्हणून आला. २००९ मध्ये एलजीआर५ असलेल्या एकेका पेशीपासून ऑर्गनॉइड, म्हणजे अवयवाची चिमुकली प्रतिकृती, वाढवताना माध्यमात ईजीएफ, नॉगिन आणि आर-स्पॉन्डिन ही प्रथिने घातली गेली. आर-स्पॉन्डिनचा रिसेप्टर एलजीआर५च आहे, हे कळायला २०११ उजाडले. कृती आधी, कारण नंतर.

पुण्याचा वाटा या इतिहासात गोठवण्याच्या प्रश्नावर आहे. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील गटाने दाखवले, की नेहमीच्या गोठवण-माध्यमात कॅटालेझ हे विकर आणि ट्रेहॅलोज ही शर्करा घातली तर रक्तपेशींचे पटलावरचे रेणू आणि त्यांची कार्यक्षमता जास्त टिकते. नेहमीची रीत म्हणजे १० टक्के डीएमएसओ (बर्फाच्या इजेपासून वाचवणारे द्रावक), मिनिटाला साधारण १ अंश थंडावा, मग द्रव नायट्रोजन. या प्रवासात ऑक्सिजनची विध्वंसक रूपे पटलातल्या मेदाला खातात. कॅटालेझ हायड्रोजन पेरॉक्साइड मोडते, ट्रेहॅलोज पटल सावरते. म्हणून वितळवलेल्या पिशवीचा सीडी३४ आकडा ७-एएडीसारखा मृतपेशी-रंग लावूनच वाचायचा, आणि जमल्यास सोबत वसाहत-चाचणी (पेशी वाढवून किती वसाहती होतात ते मोजणे) लावायची. तिला १४ दिवस लागतात, रुग्ण तेवढा थांबत नाही. पण जिवंत सीडी३४ भरपूर आणि वसाहती तुरळक असे दिसले, तर आधी गोठवण्या-वितळवण्याची नोंदवही तपासावी, दात्याला दोष नंतर.