टाकीत उतरतो एक, मग बिल चौघांचे कसे?

रत्नागिरीपासून मालवणपर्यंत आम्ही जेथे जेथे टाकीसफाईचे काम घेतो, तेथे हिशेबाच्या वेळी एक प्रश्न हमखास निघतो: आत उतरणारा माणूस एक, कामही जेमतेम दोन तासांचे, मग माणसे चार आणि दिवस अख्खा कशासाठी? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर ग्राहकांच्या हाती छापील स्वरूपात देत आहोत.

मासळी प्रक्रिया कारखान्यातील सांडपाण्याची टाकी, आंबा कॅनिंगमधील हौद आणि ट्रॉलरचा मासळी साठवण्याचा खण बाहेरून वेगवेगळे दिसत असले, तरी तिन्हींचा दोष एकच, तो म्हणजे आत हवा खेळत नाही. मासळीचे धुवण साचून कुजले की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. आंब्याचा रस आंबला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसून राहतो. रिकामी, धुतलेली लोखंडी टाकीसुद्धा निर्धोक मानता येत नाही, कारण ओलसर, खाऱ्या हवेत लोखंड गंजते आणि गंजताना बंद जागेतला ऑक्सिजन खर्ची पडतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखा वास येतो खरा, परंतु त्याचे प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास पोहोचले की नाक बधिर होते, आणि वास गेला म्हणजे वायूही गेला, असे समजून माणूस आणखी एक पायरी खाली उतरतो.

विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची आपल्याकडील जुनी रीत अनुभवातून आलेली आहे, पण ती येथे पुरत नाही. विझलेली ज्योत ऑक्सिजन कमी असल्याचे ढोबळमानाने सांगते. विषारी वायूविषयी ती काहीच सांगत नाही, आणि आत मिथेन असेल तर तीच ज्योत स्फोटाला कारण होते. म्हणून आम्ही चार वायूंचा डिटेक्टर दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणची नोंद घेतो. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या दरम्यान (मोकळ्या हवेत तो सुमारे २०.९ टक्के असतो), ज्वलनशील वायू स्फोटासाठी हवेत लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या १० टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमखाली आणि कार्बन मोनॉक्साइड ३५ पीपीएमखाली असल्याशिवाय आमचा माणूस शिडीला पाय लावत नाही. पहिली नोंद चांगली आली तरी काम संपत नाही. तळाचा गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम मोकळा होतो, त्यामुळे मीटर शेवटपर्यंत आतल्या माणसाच्या छातीशी चालूच असतो आणि ताजी हवा आत ढकलणाऱ्या ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडलेला असतो. जनरेटर मात्र ब्लोअरपासून लांब ठेवावा लागतो, नाही तर त्याचाच धूर आत जातो.

आता ती चार माणसे. एक आत, एक ब्लोअर आणि पंपाकडे, एक आत उतरण्याच्या परवान्याचा कागद आणि नोंदी सांभाळणारा मुकादम, आणि एक झाकणापाशी. हा चौथा बसून दिसतो, तो चहालाही उठत नाही, आणि ग्राहकांचा आक्षेप बहुतेक त्याच्याच मजुरीवर असतो. आतला माणूस बोलायचा थांबला, तर तोंडावर उभ्या केलेल्या तिवईवरच्या विंचने (दोर गुंडाळणाऱ्या चक्राने) त्याला अंगावरच्या पट्ट्यांसकट, म्हणजे हार्नेससकट, वर ओढणे हे त्याचे काम. स्वतः आत उडी मारणे हे नव्हे. अमेरिकेतील नायॉश (NIOSH) या कामगार सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९८६ साली दिलेल्या इशाऱ्यानुसार बंदिस्त जागांत दगावणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला धावलेले होते. आतल्या माणसाला बांधलेल्या दोरीचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असणे ही आमची कल्पना नाही. श्वसनयंत्र लावून आत जाणाऱ्याच्या बाबतीत, नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३६ मध्येच तसे लिहिले होते. त्याच कायद्यानुसार आत नेण्याचा विजेचा दिवा २४ व्होल्टपेक्षा अधिक दाबाचा चालत नसे आणि आम्ही तेच पाळतो, तेव्हा तुमचा नेहमीचा हॅलोजन कृपया देऊ करू नये.

हॉटेल आणि वसाहतींच्या सेप्टिक टाकीत आम्ही कोणालाही उतरवत नाही. ती वरूनच शोषक गाडीने रिकामी होते. अशा टाकीची सुरक्षासाधनांविना हातांनी सफाई करवून घेणे हाताने मैला साफ करण्यास मनाई करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तो करवून घेणाऱ्यालाही लागू होतो.

तुमच्याकडून आम्हाला काही गोष्टी हव्या असतात. टाकीत शेवटी काय होते, ती कधी उघडली होती आणि मध्ये कोणते रसायन वापरले, हे खरे सांगावे. हायपोक्लोराइटने धुतलेल्या टाकीत आम्ही पपडी काढायला आम्ल टाकले, तर क्लोरीन वायू सुटतो. एवढी एक गोष्ट लपली तरी मोठा अनर्थ होतो. आत येणाऱ्या पाइपलाइन बंद करून, पंपाचा फ्यूज काढून, त्याच्या पेटीला कुलूप लावून किल्ली काम संपेपर्यंत मुकादमाकडे द्यावी. मदतीला म्हणून आपली पोरे झाकणाजवळ पाठवू नयेत.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि कॅनिंगचा हंगामही त्याच सुमारास संपतो. त्यामुळे सगळ्यांना आम्ही एकाच आठवड्यात हवे असतो. मे महिन्यातच तारीख ठरवलेली बरी. आदल्या संध्याकाळी झाकण उघडून त्यावर मजबूत जाळी बसवून ठेवल्यास आमचा ब्लोअरचा निदान एक तास वाचतो, आणि त्या तासाचे पैसे आम्ही बिलात लावत नाही.