नेपाळमधला रेमिटन्स आणि गरिबी

रेमिटन्स म्हणजे परदेशी कामाला गेलेल्या माणसाने घरी पाठवलेले पैसे. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, मुंबईच्या मनीऑर्डरवर तिथली कितीतरी गावं जगली, पण नेपाळमध्ये अख्खा देशच तसा चालतो, जीडीपीच्या साधारण पाव भागाएवढा पैसा बाहेरून येतो.

आकडे बघितले तर चक्रावायला होतं. १९९५-९६ मध्ये तिथे जवळपास ४२ टक्के लोक गरीब होते, २००३-०४ ला ३१ टक्के आणि २०१०-११ ला २५ टक्के. यातला बराचसा काळ माओवादी युद्धाचा (१९९६ ते २००६), कारखाने धड चालत नव्हते, शेती आहे तिथेच, ग्रोथ यथातथा, तरी गरिबी कमी झाली. याचं एक मोठं कारण घरोघरी येणारा पैसा, कारण २०१०-११ पर्यंत निम्म्याहून जास्त घरांत रेमिटन्स यायला लागला होता. (२०२२-२३ चा आकडा २० टक्क्यांच्या आसपास आहे, पण तेव्हा गरिबीची रेषाच वर नेली, त्यामुळे तो जुन्या आकड्यांशेजारी ठेवून तुलना करू नये.)

आता विषमतेचं काय? इथे गोष्ट सरळ नाही. वरचे आकडे ज्या सर्वेक्षणांतले, त्यातल्या पहिल्या दोनांच्या मधे गरिबी उतरली आणि विषमता मात्र वाढली, गिनी (विषमता मोजायचा आकडा, ० म्हणजे सगळे सारखे, १ म्हणजे सगळं एकाकडेच) ०.३४ वरून ०.४१ वर गेला, नंतर २०१०-११ ला परत खाली आला. मुळात बाहेर जायलाच पैसे लागतात. अछाम, बझाङसारख्या सुदूर पश्चिमेच्या डोंगरी जिल्ह्यांतला सगळ्यात गरीब माणूस भारतातच येतो, १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे व्हिसा लागत नाही, बसचं भाडं जमलं की झालं. मुंबई-पुण्यात सोसायटीचा वॉचमन किंवा हॉटेलात काम, आणि घरी जाणारी रक्कम छोटी. त्याच्यापेक्षा जरा बऱ्या घरचा कतार, सौदी, मलेशियाला जातो, पण त्यासाठी मॅनपॉवर कंपनीला (परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटला) द्यायला सावकाराकडून कर्ज काढतो, व्याज वर्षाला ३६ टक्केसुद्धा असतं, म्हणजे सुरुवातीच्या कित्येक महिन्यांची कमाई सावकाराच्याच घरात. २०१५ मध्ये सरकारने व्हिसा आणि तिकीट मालकानेच द्यायचं असा नियम केला, तरी एजंट पैसे घेतातच. कोरियाला जायचं तर आधी भाषेची परीक्षा, म्हणजे शिकलेल्यांचंच काम. थोडक्यात ज्याच्याकडे आधीच काही आहे त्याला जास्त पगाराचा देश मिळतो.

आलेला पैसा जातो कुठे तर खाणं, कर्जफेड, पोरांची इंग्लिश मीडियमची फी, पक्कं घर. उद्योगात फारच थोडा. गावात तरणे हात उरले नाहीत म्हणून डोंगरातली शेतं पडीक पडलीत आणि तांदूळ बाहेरून येतो, बाहेरून आलेल्या पैशातून होणाऱ्या एकूण आयातीवर कस्टम आणि व्हॅट मिळतो, तो सरकारी तिजोरीतला मोठा हिस्सा, त्यामुळे देशातच रोजगार उभा करायची घाई काठमांडूत कुणाला दिसत नाही.