चोडणच्या कांदळवनातले गोडे पाणी

खाडीच्या सफरीला गेलेल्या पर्यटकाला कोणीतरी कांदळाचे, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या खारफुटीच्या एका झाडाचे, पिवळे पान दाखवून हमखास सांगते, की झाडाने शोषलेले सगळे मीठ या एका पानात साठते आणि बाकीच्या पानांसाठी ते बळी जाते. गोष्ट ऐकायला सुंदर आहे. परंतु हिरव्या आणि पिवळ्या पानांतले मीठ प्रत्यक्ष मोजून पाहिले तेव्हा तिला भक्कम आधार मिळाला नाही. म्हातारे पान पिवळे होऊन गळणे आंब्याफणसालाही चुकलेले नाही. कांदळाची खरी करामत चिखलाखाली, मुळांत चालते.

ती समजून घ्यायला गोव्यातील चोडण बेटासारखी जागा नाही. रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली, की बेटाच्या पश्चिम टोकाला १९८८ साली घोषित झालेले डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागते. त्याचे क्षेत्रफळ अवघे १.७८ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातले बहुतेक कांदळवनच आहे. येथील झाडांना मे महिन्यात जवळजवळ समुद्राइतके खारट पाणी सोसावे लागते, तर जुलैत नदीला पूर असताना तेच पाणी गोडे होते.

पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाते, हे आपण शाळेत परासरण या नावाखाली शिकलो. त्या नियमाने समुद्राच्या पाण्यात उभ्या असलेल्या झाडाच्या मुळांतून पाणी बाहेर ओढले जायला हवे. हा प्रवाह उलटवून मीठ मागे ठेवायचे, तर सुमारे २५ वातावरणांहून अधिक दाब लागतो; एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरचा हवेचा नेहमीचा दाब. मोटारीच्या चाकात हवा भरतो ती दोनेक वातावरणांची, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा दरारा कळतो. झाडाकडे पंप नाही. पण पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून बाष्प निघून जाताना खोडातल्या पाण्याच्या अखंड धाग्यांवर ताण पडतो आणि तो थेट मुळांपर्यंत पोहोचतो. शास्त्रज्ञ पेर शोलांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पानांसह तोडलेली डहाळी पोलादी भांड्यात अशी बसवली, की तिचे कापलेले टोक तेवढे बाहेर राहावे. मग त्या टोकावर रस उमटेपर्यंत आत वायूचा दाब वाढवत नेला. लागलेला दाब म्हणजेच आतला ताण. १९६५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत खारफुटीच्या झाडांत तो ३० ते ६० वातावरणांच्या घरात निघाला. मुळांना थंड केले किंवा विषद्रव्ये देऊन पेशींचे कामकाज रोखले, तरी गाळणी चालूच राहिली, म्हणजे ही क्रिया निव्वळ भौतिक आहे. कांदळाची मुळे अशा रीतीने बहुतांश मीठ दाराशीच अडवतात आणि खोडात चढते ते जवळजवळ गोडे पाणी असते.

तिवर या खारफुटीच्या दुसऱ्या झाडाची गाळणी तेवढी कडक नाही. आत शिरलेले मीठ ते पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. कोरड्या दुपारी तिवराच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावले, तर खारट चव लागते आणि उन्हात त्याचे बारीक कण चमकतानाही दिसतात.

यावरून खारफुटीला मीठ प्रिय असते असे समजू नये. ती मीठ सोसते, आणि इतर झाडे ते सोसत नाहीत म्हणून तिला ही जागा मोकळी मिळते. वरून येणारे गोडे पाणी अडले, तर बाष्पाच्या ताणावरचा बोजा वाढतो, झाडाला पानांची छिद्रे आवरून धरावी लागतात आणि वाढ खुंटते.

या वनाच्या आडोशाला राहणारे प्राणीही याच गोड्या-खाऱ्या हिशेबात बांधलेले आहेत. मऊ, तुकतुकीत केसांचे पाणमांजर धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत असुरक्षित गणले जाते. ते खाडीत मासे मारते, तरी त्याला जवळपास गोडे पाणी लागतेच. गळ्याभोवती पांढरा पट्टा असलेला निळा-हिरवा खंड्या तर भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर रत्नागिरीपासून दक्षिणेकडे मोजक्याच खाड्यांत आढळतो आणि त्याला पाहायला दूरदूरचे पक्षिनिरीक्षक येथे येतात. ओहोटीच्या वेळी तो तिवराच्या खालच्या फांदीवर निश्चल बसतो. खाली चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांच्या खुंट्यांमधून निवट्या नावाचे छोटे मासे उड्या मारत असतात, आणि एखादा खेकडा बिळापासून हातभर लांब आला, की खंड्या सरळ खाली झेपावतो.